सुरतेहून गेलेलं सरपण

माझ्या सासूबाईंच्या घरी गॅस आला तेव्हा मी त्या टाकीला एक झबलं शिवून दिलं होतं. मी सुरतेत, डिंडोलीत, घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावण्याचं काम करते. जरीचे कटपीस आमच्या घरात कांद्याच्या सालींसारखे पायात येत असतात. त्यातलाच एक मोरपंखी तुकडा घेतला, खाली झालर लावली आणि गावाला जाताना घेऊन गेले. सासूबाईंना तो प्रकार इतका आवडला की त्यांनी टाकी स्वयंपाकघरात अशा जागी सरकवली, जिथून ती बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसालाही दिसावी. गॅसवर फक्त चहा व्हायचा, तोही पाहुण्यांचा. पाहुणा जरा जवळचा असला तर त्याचा चहा चुलीवर. त्यामुळे कोण किती परका आहे हे चहाला धुराचा वास येतो की नाही यावरून कळायचं.

बाकी सगळा स्वयंपाक चुलीवर, आणि चुलीत पऱ्हाटी. कापूस वेचून संपला की शेतात उभी राहतात ती वाळकी झाडं, तीच पऱ्हाटी. नंदुरबारकडच्या आमच्या त्या गावात हिवाळा सरता सरता ती उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि घरामागे रचायच्या, ही वर्षाची रीत. कुणाच्या घरात काय आहे हे गावाला माहीत नसेल, पण घरामागे किती पऱ्हाटी आहे हे माहीत असायचं. ढीग मोठा असला म्हणजे त्या घरची बाई हुशार. सासूबाईंचा ढीग मोठा असायचा.

माझा नवरा सुरतेत एका कापडाच्या मिलमध्ये बॉयलरवर काम करतो. साडी छापायला, रंगवायला, सुकवायला वाफ लागते आणि ती वाफ बॉयलर देतो. त्याच्या पोटात जाळ घालत राहणं हे नवऱ्याचं काम. लग्न झालं तेव्हापासून तो हेच करतो, आणि आपण सुरतेत राबतो म्हणून गावातली माय सुखात आहे, अशी त्याची ठाम समजूत. प्रत्यक्षात दर वर्षी गावाहून आमच्याकडे एक पोतं यायचं. त्यात ज्वारी, तुरीची डाळ, लाल मिरच्या, ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे. आमच्याकडून गावाला जायचा तेलाचा डबा. सुरतेत ज्याला कपासिया म्हणतात ते सरकीचं तेल. म्हणजे कापूस गावाहून गुजरातेत यायचा, त्याच्या सरकीचं तेल निघायचं, आणि ते आम्ही मोठ्या मायेने गावाला परत द्यायचो. त्यावर सासूबाई चार घरी सांगायच्या, "पोराने सुरतेचं तेल पाठवलं."

मग तेल महागलं. आधी आम्ही पूर्ण डबा न्यायचो, मग अर्धा, मग पिशव्या. पिशव्या नेताना नवरा म्हणायचा, "डबा गाडीत सांडतो." सासूबाई म्हणायच्या, "हो, पिशवीच बरी." दोघंही एकमेकांची लाज झाकायचे. इकडे आमचं पोतंही हलकं होत चाललं होतं. तूर निघाली की सासूबाई ती लगेच विकायच्या, कारण तेव्हा पैसा लागायचा, आणि मग सहा महिन्यांनी किराणा दुकानातून तुरीची डाळ पुडीत घेऊन यायच्या. एकदा मी विचारलं, "आपलीच तूर होती ना?" तर म्हणाल्या, "शेतातली तूर आणि दुकानातली डाळ यांचं काही नातं नसतं वं. पोरगी सासरी गेली की कुठे आपली राहते?"

तर अशा त्या दिवसांत एका संध्याकाळी नवरा मिलमधून आला आणि जेवताना म्हणाला, "शेठने कोळसा बंद केला."

तव्यावरची पोळी उलटायची राहिली. "म्हणजे मिल बंद?"

"मिल कशाला बंद? कोळसा फार महाग पडायला लागला. आता कांडी जाळायची. व्हाइट कोल म्हणतात तिला."

"पांढरी असते?"

"नाही. भुरकट. मातकट म्हण."

"मग व्हाइट कसली?"

"ते साहेबांना विचार," तो म्हणाला आणि वरण मागितलं.

कांडी म्हणजे काय ते त्याने मग समजावून सांगितलं. शेतातला वाळका कचरा कुटून, दाबून जाड दांडके करतात. उसाच्या कांड्यासारखे, पण मनगटाहून जाड. त्याच्यावर बॉयलर चांगला चालतो, धूर कमी होतो, राख हलकी पडते. त्याला ते काम आवडलेलं दिसलं. कोळशाने माखलेले त्याचे कपडे कधी धुऊन निघायचे नाहीत. आता तो घरी यायचा तेव्हा गव्हाच्या कोठीतून बाहेर पडल्यासारखा दिसायचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. त्या अहिराणीच बोलतात. मी इथे समजेल तेवढीच ठेवते.

"पोरी, कचराले भाव उना!" त्या ओरडूनच म्हणाल्या. कचऱ्याला भाव आला.

झालं असं होतं की गावात एक व्यापारी ट्रॅक्टर आणि एक भलंमोठं यंत्र घेऊन आला होता. तो शेतातली पऱ्हाटी विकत घेत होता, तिथेच यंत्रात घालून भुगा करत होता आणि भुगा ट्रकने नेत होता. उपटायची मजुरीसुद्धा तोच देत होता. गावातल्या माणसांना आधी वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग पहिल्याला रोख पैसे मिळाले आणि दुपारपर्यंत यंत्रापुढे रांग लागली.

"आपली देऊ का?" सासूबाईंनी विचारलं.

नवऱ्याने फोन घेतला. "दे ना माय. पडून सडवायची कशाला? तुझ्याकडे गॅस आहे."

"घरामागचा ढीग पण मागतोय तो. जुना, वाळलेला, तो बरा म्हणतो."

"तो पण दे. विंचू-साप तरी होणार नाहीत."

इतका शहाणा सल्ला त्याने त्याआधी मायला कधी दिला नव्हता. सासूबाईंनी सगळी पऱ्हाटी विकली. सगळ्या गावानेच विकली. त्या वर्षी म्हणे रानं झाडून काढल्यासारखी दिसत होती. सासूबाईंनी आलेल्या पैशातून गॅसची टाकी भरून आणली, तिचं झबलं काढून धुवायला टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर करायला लागल्या.

पहिले काही दिवस फोनवर त्याचंच कौतुक. डोळे चुरचुरत नाहीत. भांडी काळी होत नाहीत. मग हळूहळू तक्रारी सुरू झाल्या. भाकरी फुगते पण तिला चव नाही. वांगं भाजलं तर ते शिजल्यासारखं लागतं. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायला जीव होत नाही, म्हणून गार पाण्याने अंघोळ. "गॅस पेटवला की माझा जीव त्या आवाजात अडकतो," त्या म्हणाल्या. "असं वाटतं, कुणीतरी पैसे मोजतंय."

टाकी त्यांच्या अंदाजाच्या फार आधी संपली. चहा करून करून ती जशी टिकायची, तशीच ती भाकऱ्यांनाही टिकेल असं त्यांनी धरलं होतं. आणि संपली तेव्हा नेमका दर पुन्हा वाढला होता. वर गावापर्यंत टाकी आणणारा टेम्पोवालाही डिझेलचं नाव सांगून जास्तीचे मागायला लागला होता.

नवरा म्हणाला, "माय, मी पैसे पाठवतो, टाकी भर."

"तुमच्या बाटल्याचं बघा आधी," त्या म्हणाल्या. सुरतेत गॅसच्या टाकीला बाटला म्हणतात. तो शब्द त्या मुद्दाम वापरायच्या. "आणि भरून काय करू? भरली की बघत बसावं लागतं. रिकामी बरी. रिकामी असली म्हणजे वापरायचा मोह होत नाही."

आमच्या बाटल्याचंही खरंच बघायला हवं होतं. मी डाळ-तांदूळ एकाच कुकरमध्ये लावत होते, कुकर उतरल्यावर त्याच गरम बर्नरवर चहाचं आधण ठेवत होते आणि आपण फार काही युक्ती केली असं समजत होते. पण ते काही मी सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनीही, मग त्या कशावर रांधतात, ते सांगितलं नाही. "चाललंय," एवढंच म्हणायच्या.

एकदा दुपारी मी फोन केला तर तो दुसऱ्याच बाईने उचलला. आवाज ओळखीचा वाटला. गल्लीत समोर राहणाऱ्या काकू होत्या. त्यांची दोन्ही मुलं सुरतेतच भेस्तानकडे लूमवर आहेत.

"तुझी सासू भाकरी थापतेय," त्या म्हणाल्या. "हात पिठात आहेत. मी धरते फोन तिच्या कानाला."

"आमच्या घरात आहात का तुम्ही?"

"नाही गं, ती माझ्या घरात आहे."

मागून तिसऱ्याच कुणीतरी बाई जोरात हसली आणि मीठ कुठेय असं विचारलं.

मग हळूहळू सगळं कळलं. पऱ्हाटी विकल्यावर गल्लीतल्या सगळ्याच बायांची तीच गत झाली होती. समोरच्या काकूंच्या गोठ्यात एक म्हैस उरली होती, म्हणून त्यांच्याकडे गोवऱ्या होत्या. कोपऱ्यावर एक म्हाताऱ्या मावशी राहतात, त्यांच्याकडे बांधावरच्या बाभळीचं थोडं लाकूड होतं. सासूबाईंकडे जळण काहीच नव्हतं, पण आम्ही नेलेल्या तेलाच्या पिशव्या होत्या. तिघी एकेकट्या. तिघींची मुलं बाहेरगावी. त्यांनी एकच चूल पेटवायला सुरुवात केली होती. तिघींच्या भाकऱ्या एका तव्यावर, तिघींचं कालवण एका पातेल्यात. एका फोडणीत तीन घरं निघायची.

मला ते ऐकून बरंच वाटलं. नवऱ्याला मात्र वाईट वाटलं. तो जेवता जेवता थांबला.

"माझी माय दुसऱ्याच्या चुलीवर जेवते?"

"दुसऱ्याच्या काय? त्या तिघी मिळून करतात."

"गावात काय म्हणतील? पोरगा सुरतेत बॉयलर पेटवतो आणि मायच्या चुलीत काडी नाही."

"ते खरंच आहे की," मी म्हणाले. तसं बोलायला नको होतं. तो उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला.

दोन दिवसांनी तो एक गच्च भरलेलं पोतं घेऊन घरी आला. मिलमध्ये कांड्या उतरवताना तुकडे पडतात, भुगा होतो. तो झाडून एका बाजूला सारतात. साहेबांना विचारून त्यातले चांगले तुकडे त्याने भरून आणले होते. साहेब हसले म्हणे आणि म्हणाले, ने, पण घर जाळू नकोस.

"आखाजीला चाललोच आहोत," तो म्हणाला. "मायला मांडे करायचे असतील. गॅसवर खापर चालत नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मांडे लागतातच. पुरण भरलेली पोळी हातावर झेलत झेलत मोठी करायची आणि पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. खापराखाली जाळ पसरून हवा. गॅसची गोल शेगडी त्याच्या मध्यालाच चटका देते आणि कडा कच्च्या राहतात. पण सुरतेहून सरपण न्यायचं, हे मला काही झेपेना.

"लोक गावाहून शहरात लाकडं नेतात," मी म्हणाले.

"मग आपण उलटं नेऊ," तो म्हणाला.

आमची मुलगी परीक्षेमुळे सुरतेतच राहिली. आम्ही दोघं उधन्याहून सकाळच्या गाडीत बसलो. पोतं सीटखाली गेलं नाही, म्हणून ते दारापाशी उभं केलं. लोक त्यावर बसायला लागले. एकाने बसून पाहिलं आणि "अंदर क्या पत्थर है?" म्हणत उठला. पुढच्या एका स्टेशनावर एक पोलीस चढला आणि त्याची नजर पोत्यावर गेली.

"किसका है ये?"

"हमारा," नवरा म्हणाला.

"क्या है इसमें?"

"सफेद कोयला, साहब."

पोलिसाने पोत्याचं तोंड सोडायला लावलं. एक तुकडा उचलला, वास घेतला, परत ठेवला. "ये सफेद है?"

"बॉयलर का ईंधन है. माँ के लिए ले जा रहा हूँ. चूल्हे में जलाएगी."

"गाँव में लकड़ी नहीं मिलती?"

"मिलती थी, साहब."

पोलिसाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होते. "बाँध दो," तो म्हणाला आणि पुढे गेला.

नंदुरबारला उतरल्यावर जीपवाल्याशी वाद झाला. तो म्हणाला, पोत्याचंही एक सीट लागेल. नवरा म्हणाला, टपावर टाक. जीपवाला म्हणाला, टपावर टाकलं तरी डिझेल खातंच ना ते. डिझेलच्या भावाचा दाखला दिल्यावर कुणालाच पुढे बोलता येत नाही. शेवटी पोत्याचे पैसे दिले. जळणापेक्षा त्याचा प्रवास महाग पडला, पण तो हिशेब नवऱ्याने मला करू दिला नाही.

गावात पोहोचलो तेव्हा सासूबाई समोरच्या काकूंच्या ओट्यावर पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या. कोपऱ्यावरच्या मावशीही तिथेच होत्या. नवऱ्याने पोतं खांद्यावरून धप्पकन खाली टाकलं. सासूबाई लगबगीने उठल्या. त्यांना वाटलं तेल, नाहीतर साखर.

"काय लयना?" काय आणलंस?

"सरपण," नवरा म्हणाला.

तिघी गोळा झाल्या. सासूबाईंनी एक कांडी हातात घेतली, उन्हाकडे धरली, नखाने तिचा एक कपचा काढला. मग तो दोन बोटांत चोळला. आतून बोंडाच्या टरफलाचा एक बारीक, काळसर तुकडा निघाला. कापसाच्या बोंडात ज्या बाईचे हात आयुष्यभर रक्ताळले आहेत, तिला ते टरफल ओळखायला वेळ लागत नाही.

"हाई तं पऱ्हाटी शे!" त्या म्हणाल्या.

समोरच्या काकूंनीही चोळून पाहिलं. "आपलीच गं."

"आपली कशावरून?" नवरा म्हणाला. "दहा ठिकाणाहून माल येतो तिथे. कुठल्या रानातली आहे काय ठाऊक."

"आपलीच शे," सासूबाई ठाम होत्या. "दयीसन लयना तू." दळून आणलीस. मग त्यांना हसू फुटलं. त्या ओट्यावर बसून डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या आणि त्यांच्या पाठोपाठ दोघी. "ज्वारी दळून देतात तसं सुरतेने सरपण दळून दिलं," मावशी म्हणाल्या आणि तिघी पुन्हा हसल्या. माझा नवरा घामाने निथळत उभा होता. तो पण मग हसला, पण उशिरा आणि जरासाच.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या सकाळी झाली. पितरांची घागर भरून झाली होती. गल्लीच्या टोकाला कडुलिंबाला झोका बांधला होता. माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. इकडे काकूंच्या अंगणात तीन दगडांवर खापर पालथं घातलं आणि नवरा पुढे सरसावला. आग हा त्याचा प्रांत. आजवर गावात त्याला कुणी काही करून दाखवायला सांगितलं नव्हतं.

त्याने कांड्या नीट आडव्या-उभ्या रचल्या, खाली कागद घातला, रॉकेल नव्हतं म्हणून थोडं तेल शिंपडायला बाटली उचलली, तर तिघी एकदम ओरडल्या. तेल जाळायचं म्हटल्यावर कोण गप्प बसेल? मग नुसता कागद पेटवला. कागद जळून गेला. कांड्या जशाच्या तशा. पुन्हा कागद. यावेळी धूर निघाला, दाट, पिवळट, थेट पुरणाच्या पातेल्याकडे.

"तिकडे कसं पेटतं मग?" मी विचारलं.

"तिकडे ब्लोअर असतो," तो चिडून म्हणाला. "हवा मारावी लागते."

आणि तो आत जाऊन टेबलफॅन घेऊन आला. लांब वायर काढून तो अंगणात ठेवला आणि चुलीकडे तोंड करून चालू केला. क्षणभर कांड्या लाल झाल्या. त्याचा चेहराही उजळला. मग कागदाची सगळी राख उठली आणि अंगणभर झाली. पुरणात, मैद्यात, मावशींच्या केसांत, वाळत घातलेल्या लुगड्यावर. सासूबाईंनी उठून एका हाताने वायर ओढली.

"बाजूले हो," त्या म्हणाल्या.

काकूंनी आतून गोवऱ्या आणल्या. मावशींनी बाभळीच्या बारीक काटक्या आणल्या. सासूबाईंनी वरवंट्याने कांड्यांचे तुकडे केले, गोवऱ्यांच्या मध्ये ते पेरले, काटक्या खालून लावल्या आणि फुंकणी घेऊन बसल्या. पहिली काही मिनिटं नुसता धूर. नवरा बाजूला उभा राहून म्हणत होता, "एकदा पकडलं की विझत नाही बघ." त्याचं कुणी ऐकत नव्हतं. पण खरंच, एकदा पकडलं ते मग विझलं नाही. जाळ फारसा उठला नाही, पण लाल निखाऱ्यांचा आर पडला, सारखा पसरलेला, शांत. खापर सगळीकडून एकसारखं तापलं. सासूबाईंनी त्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहिले आणि मान हलवली.

पहिला मांडा करपला. तो माझ्या नवऱ्याला देण्यात आला, कारण आग त्याची होती. त्याने तो आमरसात बुडवून मुकाट्याने खाल्ला. पुढचे मात्र उतरत गेले, पातळ, रुमालासारखे. सासूबाई हातावर फिरवून मोठे करत होत्या, काकू उलटवत होत्या, मी घड्या घालत होते. सुगंध गल्लीत गेला तशी शेजारपाजारच्या आणखी दोघी-तिघी आपलं पुरण घेऊन आल्या. "खापर तापलेलंच आहे, दोन करून दे ना." एकही मांडा न करता आखाजी काढायच्या तयारीत होत्या त्या बायका. दुपारपर्यंत आमचं पोतं बरंच रिकामं झालं.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. सासूबाईंनी विचारलं, "एवढं कुटायचं, दाबायचं, ट्रकने न्यायचं. तिकडे करतात काय त्याचं?"

"वाफ करतात माय. तिच्यावर कापड रंगतं. साड्या छापतात."

सासूबाईंनी स्वतःच्या अंगावरची साडी पाहिली. ती मीच सुरतेहून आणलेली, गुलाबी फुलांची. "म्हणजे हे लुगडं आपल्या पऱ्हाटीवर रंगलं म्हणायचं."

"असेल."

"आणि कापूस पण आपलाच?"

"नाही माय. हे पॉलिस्टर आहे. तेलापासून करतात, खनिज तेलापासून."

त्यांनी पदराचं टोक दोन बोटांत चोळून पाहिलं. मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का? कापूस पिकवायचा आपण, पऱ्हाटी जाळायची त्यांनी, आणि नेसायला मिळतं ते तेलाचं. तरी म्हटलं उन्हाळ्यात एवढं गरम का होतं."

निघताना नवऱ्याने मायला सुरतेला चलायचा आग्रह केला. त्या नाही म्हणाल्या. "तिकडे तुम्ही दोघं दिवसभर कामात. मी कोणाशी बोलू? बाटल्याशी?" पोत्यात उरलेल्या कांड्या त्यांनी तिघींत वाटून घेतल्या आणि पोतं झटकून, घडी करून आम्हाला परत दिलं. त्या घडीत आमच्यासाठी बिबडे गुंडाळलेले होते.

पावसाळा त्यांनी तसाच काढला, तिघींनी मिळून. मग दिवाळी गेली, कापूस वेचून झाला. पऱ्हाटी विकायची म्हणून सासूबाईंनी यावेळी आधीच उपटून, मोळ्या बांधून ठेवल्या होत्या. नुसती स्वतःची नाही, मावशींच्या बांधालगतच्या रानातलीही. मागच्या वर्षी व्यापाऱ्याने भाव पाडला, कारण माल रानात होता, असं त्यांचं म्हणणं. यावेळी बांधून तयार माल दाखवून जास्त भाव घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. व्यापारी आलाच नाही.

मिलमध्ये काय झालं ते नवऱ्याने सांगितलं. कोळसा महागला म्हणून सगळेच कांडीकडे वळले होते. सगळे वळले म्हणून कांडी महागली. मग कोळसा जरा उतरला आणि शेठ परत कोळशावर आला. नवऱ्याचे कपडे पुन्हा काळे व्हायला लागले.

"म्हणजे काय झालं?" सासूबाईंनी फोनवर विचारलं.

"माय, कोळसा स्वस्त झाला."

"मग तेल स्वस्त झालं?"

"नाही."

"गॅस?"

"नाही."

"मग कोळसाच कसा काय?" त्या म्हणाल्या. नवऱ्याने तो विषयच बदलला. "एक फायदा झाला," नवरा जरा उत्साहाने म्हणाला. "तुझ्या घरामागे आता एवढी पऱ्हाटी आहे. आता तू तुझी चूल पेटव. दुसऱ्याच्या दारात जायची गरज नाही."

पलीकडून तव्याचा आवाज आला. कुणीतरी खोकलं.

"एकटीसाठी कोण धूर करत बसेल?" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही मोळ्या सगळ्या एकीकडेच रचल्या. काकूंच्या गोठ्यामागे. जागा तिथे जास्त आहे."

"सगळी? आपली पण?"

"हां."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी एका हिरव्या साडीला लेस लावत होते, ती लावत राहिले.

"बरं, मग आज काय केलंय जेवायला?" त्याने हार मानून विचारलं.

"आज तिनी बारी शे," सासूबाई म्हणाल्या, "तिलेच इचार," आणि त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला. आज रांधायची पाळी त्यांची होती. काकूंनी मग माझ्या नवऱ्याला उडदाच्या डाळीत लसूण कधी घालायची, मिरची भाजून घ्यायची की तशीच, तेल किती थोडं लागतं, आणि मावशींना दात नसल्याने डाळ किती घोटावी लागते, हे सगळं सविस्तर सांगितलं. तो फोन कानाला लावून उभा राहिला आणि मधे मधे "हो काकू, हो" म्हणत राहिला.